उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी उतरते? नवी घेण्यापूर्वी अशी करा तपासणी

मेहकर परिसरात उन्हाळी नांगरट आणि वखरणी आटोपली की अनेक ट्रॅक्टर पेरणीपर्यंत काही आठवडे उभेच असतात. पुढे ७५ ते १०० मि.मी. पाऊस होऊन वाफसा आला की सोयाबीन पेरणीची घाई सुरू होते आणि नेमका तेव्हाच सेल्फ ‘टक’ असा आवाज करून थांबतो. सोयाबीन काढणीनंतर कोरडवाहू हरभरा पेरताना जमिनीतील ओल उडत असते, तेव्हाही एक दिवस वाया जाणे परवडत नाही. अशा घाईत नवी बॅटरी आणली जाते. मात्र दोष वायरिंगमध्ये असेल तर नवी बॅटरीही तशीच उतरते. त्यामुळे आधी दोष शोधावा, मगच खर्च करावा.

बॅटरी उतरण्याची तीन कारणे

१. बॅटरी जुनी किंवा खराब झाल्याने चार्ज धरून ठेवत नाही.
२. ट्रॅक्टर चालू असताना बॅटरी पूर्ण चार्ज होत नाही.
३. ट्रॅक्टर बंद असतानाही कुठेतरी वीज खर्च होत राहते.

मीटरशिवाय होणारी सोपी चाचणी

बॅटरी बाहेरून पूर्ण चार्ज करून बसवावी, पण निगेटिव्ह केबल जोडू नये. एरवी जितक्या दिवसांत बॅटरी उतरते, तितके दिवस ट्रॅक्टर तसाच ठेवावा. नंतर केबल जोडून सेल्फ मारावा. तरीही बॅटरी उतरलेली असेल तर दोष बॅटरीत आहे. ट्रॅक्टर लगेच सुरू झाला तर उभ्या ट्रॅक्टरमध्ये वीज गळत आहे किंवा ट्रॅक्टर चालू असताना बॅटरी पूर्ण चार्ज होत नाही, असे समजावे.

मीटरने काय पाहावे?

साधा डिजिटल मल्टिमीटर यासाठी पुरेसा आहे. इंजिन किंवा चार्जर बंद केल्यानंतर काही तासांनी दोन्ही टर्मिनलवर व्होल्टेज मोजावे.

- १२.६ किंवा जास्त: पूर्ण चार्ज
- १२.४: सुमारे पाऊण
- १२.२: सुमारे अर्धी
- १२.० किंवा कमी: जवळपास उतरलेली

आता इंजिन मध्यम वेगाने चालू ठेवून पुन्हा मोजावे. साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळाले तर चार्जिंग ठीक आहे. आकडा १३ च्या आसपासच राहिला तर बेल्टचा ताण, अल्टरनेटर आणि त्याच्या वायरी तपासाव्यात. इंजिन चालू असताना बॅटरीची केबल काढून अल्टरनेटर तपासण्याची पद्धत टाळावी. त्यामुळे अल्टरनेटर जळू शकतो.

झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर पूर्ण चार्जनंतर हायड्रोमीटरने सहाही सेल तपासावेत. एका सेलचे रीडिंग इतरांपेक्षा ०.०५० किंवा त्याहून कमी असेल तर तो सेल खराब आहे आणि बॅटरी बदलणेच योग्य.

वीज कुठे गळते, हे कसे शोधावे?

१. चावी, दिवे आणि डेक बंद करून निगेटिव्ह केबल काढावी.
२. मीटर १० अँपिअर डीसीवर ठेवावा. लाल वायर मीटरच्या १० अँपिअरच्या छिद्रातच घालावी.
३. मीटरची लाल पिन काढलेल्या केबलला आणि काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलला लावावी. या स्थितीत सेल्फ कधीही मारू नये.
४. रीडिंग ०.०५ अँपिअरपेक्षा जास्त असेल तर एकेक फ्यूज काढून पाहावा. ज्या फ्यूजने आकडा एकदम खाली येतो, त्या लाइनमध्ये दोष आहे.
५. कोणत्याच फ्यूजने फरक पडत नसेल तर थेट बॅटरीवरून जोडलेल्या वायरी पाहाव्यात. नंतर बसवलेला डेक, मागचा एलईडी दिवा, मोबाइल चार्जर आणि जीपीएस या नेहमीच्या जागा आहेत.
६. तरीही गळती राहिली तर अल्टरनेटरचा डायोड खराब असू शकतो. ही खात्री ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावी.

छोटी गळतीही किती महाग पडते ते पाहा. ५ वॅटचा एक बल्ब सुमारे ०.४ अँपिअर घेतो, म्हणजे दिवसाला साधारण १० अँपिअर-तास. ७५ अँपिअर-तासांची बॅटरी आठवड्याभरात रिकामी होते. ०.०५ अँपिअरची मान्य गळतीसुद्धा महिन्यात ३६ अँपिअर-तास खाते, म्हणजे जवळपास अर्धी बॅटरी.

उपाय आणि निगा

- डेक व जादा दिवे फ्यूज लावून, चावीनंतरच्या लाइनवर घ्यावेत.
- ट्रॅक्टर दोन-तीन आठवडे उभा राहणार असेल तर निगेटिव्ह केबल काढून ठेवावी किंवा कट-ऑफ स्विच बसवावा.
- टर्मिनलवरील पांढरा-हिरवा थर आणि वरची ओलसर धूळ यांतूनही वीज गळते. झाकणे घट्ट लावून, लिटरभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून पुसावे. नंतर साध्या पाण्याने पुसून कोरडे करावे आणि टर्मिनलला पेट्रोलियम जेली लावावी.
- पातळी कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. बोअरचे क्षारयुक्त पाणी किंवा ॲसिड घालू नये.
- उन्हाच्या तापाने बॅटरी आपोआप लवकर उतरते, म्हणून ट्रॅक्टर सावलीत ठेवावा.
- उतरलेली बॅटरी तशीच ठेवू नये. प्लेटांवर कडक थर बसून तिची क्षमता कायमची घटते. महिन्यातून एकदा चार्जरने पूर्ण चार्ज करावी. दोन मिनिटे इंजिन फिरवून ती चार्ज होत नाही.
- बॅटरी फरशीवर ठेवल्याने उतरते, हा समज आजच्या प्लास्टिकच्या बॅटरीला लागू नाही.

सुरक्षितता: काढताना निगेटिव्ह केबल आधी काढावी, जोडताना शेवटी जोडावी. चार्ज होताना स्फोटक वायू निघतो, त्यामुळे जवळ बिडी किंवा ठिणगी नको. ॲसिड अंगावर उडाल्यास भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यांत गेल्यास पाण्याने धूत राहून लगेच डॉक्टरांकडे जावे.

मे महिन्यात घरच्या सोयाबीन बियाण्याची उगवणक्षमता तपासतो, त्याच आठवड्यात बॅटरीही तपासून घ्यावी. सहायक कृषी अधिकाऱ्यांनी खरीपपूर्व बैठकीत बीजप्रक्रियेसोबत ही तपासणी करून दाखवल्यास वाफशाच्या दिवशी होणारा खोळंबा टळेल.