इंजिन सर्वांत शेवटी

एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार 1962 ते 1980 या काळात ॲबिंग्डनच्या कारखान्यात पाच लाखांहून अधिक संख्येने तयार झाली. 1798 सीसीचं साधं चार सिलिंडरचं इंजिन आणि स्पोर्ट्‌स कारच्या मानाने परवडणारी किंमत, यामुळे ती ब्रिटन-अमेरिकेतल्या मध्यमवर्गीयांच्या गॅरेजांत शिरली आणि पुढे संसार, मुलं, घराचे हप्ते सुरू झाल्यावर पुष्कळदा तिथेच पडून राहिली. अशी गाडी वीस-पंचवीस वर्षांनी उघडली की पहिला विचार येतो नव्या बॅटरीचा. किल्ली फिरवून पाहू, इंजिन लागतंय का बघू, बाकीचं मग. माझ्या मते हा क्रम नेमका उलटा हवा. बराच काळ उभ्या असलेल्या गाडीचं इंजिन चालू करणं हे अगदी शेवटचं काम आहे. ते आधी उरकायला गेलं तर इतकी वर्षं जे टिकलं होतं, तेही हातचं जातं.

याचं कारण असं की चालून झिजलेल्या गाडीची आणि उभी राहून बिघडलेल्या गाडीची दुखणी वेगळी असतात. चालत्या गाडीत धातू धातूवर घासतो. उभ्या गाडीला ओल खाते आणि तिचं रबर वाळतं. इंजिन थांबतं तेव्हा काही सिलिंडरचे व्हॉल्व्ह उघडे राहतातच. त्या वाटेने दमट हवा आत जाते, ओतीव लोखंडाच्या भिंतींवर गंज धरतो आणि पिस्टनच्या रिंगा त्याला चिकटतात. बेअरिंगांवरचं ऑइल केव्हाच खाली ओघळलेलं असतं. अशा वेळी स्टार्टरने जोर लावला तर रिंग तुटते किंवा सिलिंडरला ओरखडे पडतात, आणि थोड्याशा तेलात भागणाऱ्या कामासाठी अख्खं इंजिन खोलावं लागतं. म्हणून जाणते मेकॅनिक आधी स्पार्क प्लग काढतात, त्या भोकांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडतात, ते काही दिवस मुरू देतात आणि मग पाना लावून क्रँक हातानेच फिरवून बघतात. अडलं तर जबरदस्ती नाही. पुन्हा तेल, पुन्हा वाट पाहणं. मोकळं झालं की ऑइल आणि फिल्टर बदलायचा, आणि प्लग बाहेरच ठेवून ऑइल प्रेशरचा काटा वर येईपर्यंत स्टार्टर फिरवायचा. एमजीबीच्या डॅशबोर्डवर असा काटा आहे; आजच्या बहुतेक गाड्यांत नुसता लाल दिवा असतो.

इंजिन फिरतंय म्हणून लगेच ते पेटवायचं नाही, कारण पेटलेली गाडी सरकणार आणि सरकलेली गाडी थांबवावी लागणार. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. मानकानुसार डॉट 4 प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो. ओल धरलेल्या ऑइलसाठी तीच मर्यादा 155 अंशांवर येते. साचलेलं पाणी ब्रेकचे सिलिंडर आतून गंजवतं, सील कडक होतात, होज आतल्या आत फुगतात. मग पेडल दाबल्यावर ऑइल पुढे जातं पण परत येत नाही, आणि चाक जाम होतं. सुरुवातीच्या एमजीबींमध्ये चारही चाकांच्या ब्रेकचं सर्किट एकच होतं. एक होज फुटला की पेडल थेट तळाला, आणि उरला फक्त हँडब्रेक, तोही केबल गंजलेली नसेल तर. पेट्रोलचं प्रकरण याहून धोक्याचं. जुन्या पेट्रोलमधला हलका भाग उडून जातो आणि मागे राळेसारखा चिकट थर उरतो. त्यात कार्ब्युरेटरच्या फ्लोटवरची सुई अडकते, पेट्रोल बंद होत नाही आणि ओसंडू लागतं. या इंजिनात कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड एकाच बाजूला आहेत, म्हणजे ओसंडणाऱ्या पेट्रोलच्या खालीच तापलेलं लोखंड. तेव्हा टाकी रिकामी करून धुणं, नळ्या बदलणं, कार्ब्युरेटर उघडून साफ करणं ही कामं किल्लीला हात लावण्याआधीची. एसयू कंपनीचा विजेवरचा पेट्रोल पंप मात्र वल्ली आहे. पॉइंट काळवंडले की गप्प बसतो, पान्याने दोन टिचक्या दिल्या की टिकटिकू लागतो. एमजीवाल्यांची ही जुनी युक्ती आहे, पण तिला दुरुस्ती समजू नये. बॅटरीचीही एक मेख आहे. 1967 पर्यंतच्या एमजीबींमध्ये बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असे. आजच्या गाडीच्या सवयीने काळी केबल बॉडीला लावून जंप दिला तर शॉर्ट सर्किट ठरलेलंच.

व्यवहारी माणूस यावर विचारेल, इंजिनच बाद निघालं तर ब्रेकवर पैसे का घालवायचे? प्रश्न रास्त आहे, पण इंजिनाची प्रकृती कळायला ते पेटवावं लागत नाही. प्लगच्या भोकातून छोटा कॅमेरा घालून भिंती पाहता येतात, चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजता येतं, आणि हे सगळं पेट्रोलचा थेंबही न जाळता. शिवाय एमजीबीचं भवितव्य बहुधा इंजिनावर ठरतच नाही, ते पत्र्यावर ठरतं. तिला वेगळी चासी नाही; दारांखालचे सिल हेच तिचा भार पेलतात. ते कुजले की उघड्या टपाची गाडी मधोमध वाकते आणि दारं बसेनाशी होतात. ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था 1988 पासून एमजीबीची अख्खी नवी बॉडी बनवते, यावरून या रोगाचा पसारा लक्षात यावा. तेव्हा पैसा लावायचा की नाही हे ठरवायला बॅटरीपेक्षा टॉर्च आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन गाडीखाली जाणं जास्त उपयोगाचं.

दुसरा आक्षेप अधिक विचार करायला लावणारा आहे: गाडी चालू करायचीच कशाला? फेब्रुवारी 2015 मध्ये आर्टक्यूरियालने पॅरिसमध्ये केलेल्या लिलावात पश्चिम फ्रान्समधल्या शेडांत सापडलेल्या गाड्या धुळीसकट मांडल्या होत्या. त्यातली, जुन्या मासिकांच्या ढिगाखाली दबलेली फेरारी 250 जीटी कॅलिफोर्निया स्पायडर 1.6 कोटी युरोंहून अधिक किमतीला गेली. धुळीलाच एवढा भाव असेल तर हात का लावावा? मला वाटतं, हा युक्तिवाद मोजक्या संख्येने बनलेल्या गाड्यांनाच लागू पडतो. लाखोंनी बनलेल्या एमजीबीचा उडालेला रंग म्हणजे ऐतिहासिक कागदपत्र नव्हे. आणि दुर्मिळ गाडीतही टाकीतलं कुजलेलं पेट्रोल काढल्याने किंवा सिलिंडरमध्ये तेल सोडल्याने बाहेरच्या धुळीचा कणही हलत नाही. तसंच ठेवलं तर गंज आपलं काम चालूच ठेवतो.

गाडी एकदा रस्त्यावर आली की पुन्हा उभी ठेवू नये. आठवड्याला पाच मिनिटं जागच्या जागी इंजिन फिरवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो चुकीचा आहे. इंजिन पुरतं तापत नाही, जळणातून तयार झालेलं पाणी ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये साठतं आणि आतून गंज चढतो. त्यापेक्षा महिन्यातून एकदा नीट गरम होईपर्यंत चालवावी. आपल्याकडे पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल ओल धरतं आणि जुन्या प्रतीचं रबर बिघडवतं, म्हणून नळ्या त्याला टिकणाऱ्या हव्यात आणि पावसाळ्यात गाडी बंद ठेवायचीच असेल तर टाकी रिकामी केलेली बरी. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या गाडीची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी करता येते. तिचं शुल्क 20 हजार रुपये आणि मुदत 10 वर्षं. अशी गाडी रोज कामावर नेता येत नाही, पण रॅली, प्रदर्शन, इंधन भरणं आणि देखभाल यांसाठी रस्त्यावर काढता येते, आणि तिला धडधाकट ठेवायला तेवढं चालणं पुरतं.