संबळ, थाळ आणि दुसरा रेकॉर्डर

रात्रभराचा बोहाडा एका यंत्रावर सोडणे धोक्याचे. पण दुसरे यंत्र घेताना पहिल्याचेच जुळे भावंड आणावे का?

होळी झाली की सुरगाणा, पेठ, जव्हार, मोखाडा या पट्ट्यात बोहाड्यांचे दिवस येतात. रात्री उशिरा पहिले सोंग निघते, शेवटचे निघेपर्यंत उजाडत आलेले असते. मुखवटा बांधलेले सोंग उजेडात नाचत पुढे येते, मागे सरते आणि त्याच्यासोबत संबळ, सनईवालेही पुढे-मागे होतात. सोंग बदलले की वाजपही बदलते. याच पट्ट्यात कोकणा समाजातला कथेकरी काशाच्या थाळीवर मेणाने एक काडी उभी चिकटवतो, तिच्यावरून बोटे खाली ओढत राहतो आणि त्या बारीक, अखंड घुमणाऱ्या सुरावर धान्यदेवता कणसरीची कथा गातो. मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात भोपळा, बांबू आणि शिंग जोडून केलेली पावरी वाजते.

ध्वनिमुद्रण करणाऱ्याच्या दृष्टीने हा पट्टा म्हणजे कठीण परीक्षा आहे. संबळ कानठळ्या बसवतो, तर थाळ कान देऊन ऐकावा लागतो. दोन्हींत एक गोष्ट समान आहे. चुकले तर ‘पुन्हा एकदा घ्या’ असे म्हणता येत नाही.

ध्वनिमुद्रण नसेल तर काय हातचे जाते, याचा महाराष्ट्रातला मोठा दाखला जात्यावरच्या ओव्यांचा आहे. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक ओव्या कागदावर उतरल्या. पुढे १९९०च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या सहभागातून सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण झाले. बाकी बहुतेक ओव्यांचे शब्द आपल्याकडे आहेत, गाणारणीचा गळा नाही.

त्या काळी यंत्रे जड आणि महाग होती, हेही खरे. अमेरिकेत जॉन आणि अ‍ॅलन लोमॅक्स हे बापलेक १९३३ मध्ये लोकगीते मुद्रित करायला निघाले, तेव्हा मोटारीत लादलेल्या त्यांच्या यंत्राचे वजन सुमारे १४३ किलो होते. आज शंभर ग्रॅमच्या आतले यंत्र त्याहून सरस काम करते. त्यामुळे दुसरा रेकॉर्डर ही आता चैन राहिलेली नाही. पहिला रेकॉर्डर अनेकांकडे काही ना काही कारणाने आलेला असतो. दुसरा मात्र विचार करून घ्यावा लागतो.

दोन पंप, एक विहीर

दुकानदार बहुधा एक सोपा सल्ला देतात: पहिला चांगला चालतोय ना, मग तसाच आणखी एक घ्या. याचे फायदे आहेत. बटणे ओळखीची असतात, सेल आणि कार्डे एकमेकांत फिरवता येतात. पण एका विहिरीवर दोन पंप बसवले, तरी विहीर आटली की दोन्ही एकदमच बंद पडतात. एकाच जातीची दोन यंत्रे, एकाच पातळीवर लावून, एकाच स्टँडवर ठेवली तर त्यांचेही तसेच होते. संबळाच्या ज्या ठोक्याला पहिले यंत्र फाटते, त्याच ठोक्याला दुसरेही फाटते. वाऱ्याच्या ज्या झोताने एक बहिरे होते, त्याने दुसरेही होते.

अभियांत्रिकीत याला समाईक कारणाचा बिघाड म्हणतात. विमान असो की वीजकेंद्र, राखीव यंत्रणा उभारताना पहिला प्रश्न हाच विचारतात की, जे पहिलीला बंद पाडेल ते दुसरीलाही बंद पाडेल का? दुसरा रेकॉर्डर निवडतानाही हाच प्रश्न कामाचा आहे.

संबळ पुढे आला तर

आवाजाची पातळी डेसिबलमध्ये मोजतात. शून्य डेसिबल म्हणजे हवेच्या दाबात २० मायक्रोपास्कलचा चढउतार. दर २० डेसिबलला हा चढउतार दहापट होतो. रात्री निवांत घरात ३० डेसिबलच्या आसपास पातळी असते, साधे बोलणे ६० च्या आसपास आणि जवळून वाजणारे मोठे चर्मवाद्य ११० च्या पुढे जाऊ शकते. ३० ते ११० हा पल्ला ८० डेसिबलचा, म्हणजे दाबात दहा हजारपटीचा.

बोहाड्यात यात आणखी एक भर पडते. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. सोंगाबरोबर संबळवाला १६ मीटरवरून १ मीटरवर आला, तर अंतर चार वेळा निम्मे झाले आणि पातळी २४ डेसिबलने चढली. हात तेवढ्याच जोराने पडत असतो, तरी रेकॉर्डरचा काटा लाल रेघेपार जातो. पातळी आधीच जास्त ठेवली असेल तर ध्वनिलहरीचा माथा सपाट कापला जातो. कापलेला भाग कोणत्याही सॉफ्टवेअरला खराखुरा परत आणता येत नाही, फार तर अंदाजाने भरून काढता येतो. उलट, भीतीने पातळी फार खाली ठेवली तर थाळीचा सूर यंत्राच्या खरखरीत बुडतो.

मोबाइल यावर स्वतःच उपाय करतो आणि तोच मुळावर येतो. आवाज वाढला की तो आपोआप पातळी खाली ओढतो, कमी झाला की वर उचलतो. संबळाचा ठोका पडला की मागची सनई दबते आणि ठोका संपताच ती उसळून वर येते. वादकाने राखलेला लहान-मोठेपणा पुसला जातो. मध्येच फोन आला तर मुद्रण थांबण्याची भीती वेगळीच. काहीच नसेल तर मोबाइल चालेल, पण विमान मोडवर टाकून आणि शक्य असेल तिथे स्वयंचलित पातळी बंद करणाऱ्या अ‍ॅपवर.

रेकॉर्डर बनवणाऱ्यांनी या अडचणीवर आधी एक साधा तोडगा काढला होता. मुख्य मुद्रणासोबत त्याचीच कमी पातळीची दुसरी प्रत करायची. झूमच्या एच५ आणि एच६ मध्ये १२ डेसिबल खाली अशी प्रत मिळते, टॅस्कमच्या डीआर-४० मध्येही ती सोय आहे. सोनीच्या पीसीएम-डी५० मध्ये २० डेसिबल खालचा प्रवाह सतत तयार असे आणि माथा कापला गेला की तिथे तो जोडला जाई. तुमच्या जुन्या यंत्रात ही सोय असेल तर आधी ती सुरू करा. त्याला पैसे पडत नाहीत.

३२ बिट फ्लोट: जाहिरात आणि वस्तुस्थिती

गेल्या काही वर्षांत ‘पातळी लावायची गरजच नाही’ म्हणणारे ३२ बिट फ्लोटचे रेकॉर्डर आले आहेत. सहा इनपुटचा झूम एफ६ हा २०१९ मधला, दोन इनपुटचा एफ३ हा २०२२ मधला आणि खिशात मावणारा एच१ एसेन्शियल २०२४ मधला. टॅस्कमची पोर्टाकॅप्चर मालिकाही याच जातीची.

१६ बिटांत सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला बसतो, २४ बिटांत कागदावर १४४. फ्लोटमध्ये एक बिट चिन्हाचा, आठ घातांकाचे आणि तेवीस आकड्याचे. घातांकामुळे मोठा आकडाही मांडता येतो आणि अगदी लहानही, आणि पल्ला दीड हजार डेसिबलच्या पुढे जातो. पण हवेतला आवाज १९४ डेसिबलच्या आसपास पोहोचला की लहरीच्या खोलगट भागात दाब शून्यावर येतो आणि त्याखाली तो जाऊ शकत नाही. म्हणून दीड हजार हा आकडा जाहिरातीपुरता. खरी करामत आवाजाचे आकडे करणाऱ्या आतल्या दोन परिवर्तकांची आहे. एक नाजूक आवाजासाठी, दुसरा मोठ्या आवाजासाठी जुळवलेला असतो. दोन्ही एकाच वेळी काम करतात आणि यंत्र क्षणाक्षणाला त्यांतला योग्य भाग उचलून जोडते.

याला मर्यादा आहे ती माइकची. एच१ एसेन्शियलच्या माइकची क्षमता १२० डेसिबलपर्यंत आहे. संबळाला अगदी खेटून ठेवला तर माइकच फाटेल, आणि फाटलेला आवाज फ्लोटमध्ये इमानाने नोंदवला जाईल. तरीही निष्कर्ष स्पष्ट आहे. पहिला रेकॉर्डर २४ बिटांचा असेल तर दुसरा ३२ बिट फ्लोटचा घ्यावा. पातळी लावण्यातली चूक या एका निवडीने बरीच टळते, कारण ती चूक दुसऱ्या यंत्रावर होतच नाही.

थाळीसाठी शांत यंत्र

मोठ्या आवाजाला सांभाळणारे यंत्र नाजूक आवाजालाही चांगले असेलच, असे नाही. प्रत्येक माइकचा आणि त्यामागच्या प्रवर्धकाचा स्वतःचा सळसळाट असतो. प्रवर्धकाचा ऋण डीबीयूमध्ये सांगतात. एफ३ साठी हा आकडा उणे १२७ आहे आणि चांगल्या यंत्राची ती ओळख. उणे ११० च्या आसपासच्या यंत्रात संथ कथा ऐकताना मागची सळसळ जाणवेल. बाहेरून माइक जोडायचा विचार असेल तर हा आकडा आणि एक्सएलआर जोडणी, दोन्ही पाहूनच यंत्र घ्या. फक्त बोहाडे मुद्रित करणाऱ्याला यावर जास्त पैसे घालायची गरज नाही. थाळीवरच्या कथा मुद्रित करणाऱ्याने मात्र आधी इथेच पैसे घालावेत.

माळावर वारा असतो. माइकवरून वाहताना त्यात भोवरे उठतात आणि खालच्या सुरांत घोंगाट होतो. सोबत मिळणारी स्पंजची टोपी थोडाच वारा अडवते. लांब केसांचे आवरण बरेच बरे, कारण त्याच्या केसांत वाऱ्याचा वेग मोडतो. ‘लो कट’ बटणावर फार विसंबू नये. संबळाचा घुमारा त्याच खालच्या पट्टीत असतो.

सेल, कार्ड आणि घड्याळ

दोन यंत्रांची वीजही दोन प्रकारची हवी. एकाची बॅटरी आत बसवलेली असेल तर दुसरे पेन्सिल सेलवर चालणारे घ्या. ते सेल तालुक्याच्या बाजारात मिळतात आणि सोंगांच्या मधल्या वेळात बदलता येतात. चार्ज होणारे सेल वापरणार असाल तर मेनूत सेलचा प्रकार बदला, नाहीतर बॅटरीचा दर्शक फसवतो. जनरेटरवर चार्जर लावून मुद्रण करणे शक्यतो टाळा. वायरीतून येणारी ५० हर्ट्झची गुणगुण पुढे काढणे त्रासाचे होते.

साठवणुकीचा हिशेब सोपा आहे. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, दोन वाहिन्या म्हणजे तासाला सुमारे १.०४ जीबी. ३२ बिट फ्लोटला सुमारे १.३८ जीबी. आठ तासांच्या रात्रीला फ्लोटमध्ये ११ जीबीच्या आसपास लागतात. ३२ जीबीचे कार्ड पुरते, पण दोन यंत्रांत दोन वेगळ्या कंपन्यांची कार्डे घाला. फाइल ४ जीबीच्या पुढे जाऊ शकत नाही, म्हणून फ्लोटमध्ये यंत्र साधारण तीन तासांनी किंवा त्याआधीच नवी फाइल उघडते. डब्ल्यूएव्ही फाइलचा मथळा बहुधा बंद करताना पूर्ण होतो. मध्येच सेल गेला तर चालू फाइल उघडेलच असे नाही. त्यामुळे दर तास-दीड तासाने, सोंग बदलताना, एक-एक यंत्र थांबवून पुन्हा सुरू करावे. दोन्ही एकदम थांबवू नयेत.

दोन रेकॉर्डर म्हणजे दोन घड्याळे. घड्याळाच्या स्फटिकात दशलक्षाला २० इतका फरक असला तर तासाला ७२ मिलिसेकंद इकडेतिकडे होतात. दोन्हींचा फरक उलट्या दिशेने असेल तर आठ तासांत सेकंदाहून जास्त. म्हणून सुरुवातीला, शेवटी आणि यंत्र पुन्हा सुरू केल्यावर दर वेळी दोन्ही यंत्रांना ऐकू येईल अशी टाळी वाजवा. त्या खुणांवरून संगणकावर जुळवणी करता येते. शिवाय आवाज मिलिसेकंदाला सुमारे ३४ सेंटिमीटरच जातो. दहा मीटर मागे ठेवलेल्या यंत्राला तोच ठोका जवळजवळ २९ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. दोन्ही आवाज सरळ मिसळले तर काही सूर एकमेकांना खोडतात. एकाच मुद्रणावर भर ठेवा, दुसरे तुटलेल्या जागी लावा.

आधी विचारणे

कॉपीराइट कायद्याच्या कलम ३८ प्रमाणे सादर करणाऱ्या कलाकाराचे हक्क ५० वर्षे टिकतात. कायद्याआधी रीत येते. काही मुखवटे, काही कथा गावाच्या श्रद्धेच्या असतात. कुठे थांबायचे हे गावातल्या जाणत्यांना, कथेकऱ्याला आणि वादकांना विचारावे. मुद्रण जपायचे तर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ही आंतरराष्ट्रीय ध्वनिसंग्राहक संघटनेची किमान शिफारस पाळावी आणि तीन प्रती कराव्यात. त्यांतली एक गावात राहिली पाहिजे.

निवड करताना हात आखडता असेल, तर एक महाग रेकॉर्डर घेण्यापेक्षा दोन साधे आणि वेगळ्या जातीचे घ्या: एक चार्जिंगचा, एक पेन्सिल सेलचा, एक २४ बिटांचा, एक फ्लोटचा, एक मांडवाच्या जवळ, एक लांब, आणि जमल्यास दोन वेगळ्या माणसांच्या हाती. दुसरा रेकॉर्डर पहिल्याइतका चांगला नसला तरी चालेल. पहिला जिथे चुकतो तिथे तो चुकू नये, एवढे पुरे.