ब्रॉन्क्सच्या खिडकीतली मॉली गोल्डबर्ग

अमेरिकन टीव्हीवरच्या कौटुंबिक मालिकांचा विषय निघाला की मी आधी ‘द गोल्डबर्ग्ज’चं नाव घेते. (२०१३ची त्याच नावाची विनोदी मालिका वेगळी!) १९२९ साली रेडिओवर सुरू झालेली ही कथा १९४९मध्ये सीबीएस वाहिनीवर आली. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधलं स्थलांतरित ज्यू कुटुंब: मॉली, नवरा जेक, जुन्या वळणाचे डेव्हिडकाका आणि अमेरिकन वळणाची मुलं, सॅमी व रोझली. मॉली खिडकीतून शेजारणींना हाका मारते, सगळ्यांच्या भानगडीत पडते आणि त्या निस्तरतेही.

मॉली साकारणाऱ्या गर्ट्रूड बर्गच मालिकेच्या निर्मात्या आणि लेखिका. संहिता त्या स्वतः लिहीत. १९५१मध्ये त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा एमी मिळाला.

पण खरी शोकांतिका पडद्यामागे घडली. जेकची भूमिका करणारे फिलिप लोब अभिनेत्यांच्या संघटनेत सक्रिय होते. १९५०मध्ये ‘रेड चॅनल्स’ या पुस्तिकेत कम्युनिस्ट असल्याच्या संशयाखाली त्यांचं नाव छापलं गेलं. त्यांनी आरोप नाकारला. प्रायोजक जनरल फूड्सने त्यांना काढण्याचा आग्रह धरला, बर्ग यांनी विरोध केला आणि मालिकाच बंद झाली. १९५२मध्ये ती एनबीसीवर परतली, पण लोब यांच्याशिवाय. १९५५मध्ये त्यांनी आत्महत्या केली. माझ्या मते, हा भाग वगळून या मालिकेचं कौतुक करणं अर्धवट आहे.

अविवा केम्पनर यांचा ‘यू-हू, मिसेस गोल्डबर्ग’ हा २००९चा माहितीपट आधी पाहा, मग मालिकेचे उपलब्ध भाग जरूर शोधा.