न मोडता, न खरवडता

भाताची परीक्षा आपण शितावरून करतो. पण त्यासाठीसुद्धा एक शीत बोटांत चिरडावंच लागतं. भाताचं ठीक आहे हो. आजेसासूबाईंच्या पाटलीचं तसं करून कसं चालेल?

भिसेगावहून कर्जतच्या बाजारात जुना डाग मोडायला नेणाऱ्या बायकांना हे सांगायला नकोच. आधी कसोटीच्या दगडावर घासायचं, शंका आली तर कापायचं, शेवटी आटवायचं. मग आकडा पटला नाही तरी पाटली काही परत येत नाही!

वस्तूला धक्का न लावता तिच्या पोटातलं कसं ओळखावं, याची वाट १८९५ साली सापडली. जर्मन शास्त्रज्ञ राँटजेन यांनी त्या डिसेंबरात क्ष-किरणांनी आपल्या पत्नीच्या हाताचं छायाचित्र घेतलं. त्यात हाडं दिसली आणि बोटातली अंगठीही दिसली. गंमत बघा, या विद्येच्या पहिल्यावहिल्या चित्रांतही दागिना होताच!

आता सराफाकडे कॅरेट मोजायचं यंत्र असतं, तेही याच घराण्यातलं. त्यातले किरण दागिन्यावर पडले की सोनं, चांदी, तांबं आपापले वेगळे किरण परत पाठवतात. गल्लीतून जाताना झाकण न उघडताच कुणाकडे कसली फोडणी पडली ते आपल्याला कळतं ना, तसंच. बावीस कॅरेट म्हणजे हजार भागांत ९१६ भाग सोनं, हे मिनिटाभरात पडद्यावर दिसतं.

पण एक मेख आहे बरं का. या यंत्राची नजर सोन्यात केसाच्या जाडीइतकीही आत जात नाही. वर सोन्याचा जाड मुलामा असेल तर ते फसतं, आणि पोकळ मण्यातली लाख त्याला दिसत नाही. म्हणून दोन-तीन जागी तपासायला सांगा, सांध्याजवळही.

चित्रांसाठी हेच काम यंत्रमानव करतात. एका यांत्रिक हातात किरणांचा उगम, दुसऱ्यात ते टिपणारी पाटी आणि मधे वस्तू. दोन्ही हात जोडीनं फिरतात. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये रेम्ब्राँच्या १६४२ सालच्या ‘नाइट वॉच’ या भिंतभर चित्राची तपासणी २०१९ पासून प्रेक्षकांसमोरच सुरू झाली. किरणांचं यंत्र चित्रासमोर तसूतसूनं सरकत गेलं आणि रंगाखालचं पहिलं रेखाटन उजेडात आलं. एका शिपायाच्या शिरस्त्राणावर आधी पिसं रंगवून मग ती पुसून टाकली होती, हेही कळलं. चित्राचा एक कपचाही काढावा न लागता!

आधी बघावं, मग हात लावावा, हे आपल्याकडे अजिंठ्यानं शिकवलं. १९२० च्या सुमारास निजाम सरकारनं बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी तिथल्या चित्रांना लाखेचं रोगण दिलं. हेतू चांगलाच होता. पण रोगण पिवळं पडलं, काळवंडलं, आणि ते काढण्याचं नाजूक काम पुरातत्त्व खात्याला पुढे वर्षानुवर्षं करावं लागलं.

असं रोगण आपणही घरात लावतो, फक्त ते प्लॅस्टिकचं असतं! जुनं खरेदीखत, मृत्युपत्र जपायचं म्हणून आपण लॅमिनेशन करून आणतो. कर्जत-खालापुरात शेतजमिनींवर बंगले उभे राहिल्यापासून या कागदांना केवढं मोल आलंय, ते तुम्ही जाणताच. उद्या कुणी म्हणालं, ‘ही सही तुमच्या आईची नाहीच’, तर तो कागद तज्ज्ञांपुढे जातो. ते तिरपा उजेड टाकून पेनचा दाब बघतात. डोळ्यांना सारख्या दिसणाऱ्या दोन काळ्या शाया अवरक्त प्रकाशात वेगळ्या दिसू शकतात. कधी एक नाहीशी होते नि दुसरी तशीच राहते. मागाहून घुसवलेला आकडा असा पकडला जातो. पण कागद प्लॅस्टिकमध्ये बंद असेल तर त्यांचं काम अवघड होतं.

तेव्हा एवढं सांभाळा:

• मूळ कागदाचं लॅमिनेशन करू नका. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका. कोरड्या जागी, साध्या कागदी पाकिटात ठेवा आणि रोजच्या कामाला झेरॉक्स वापरा.

• पुसट झालेली अक्षरं पेननं गिरवू नका. गिरवलेलं अक्षर संशयाला जागा देतं.

• वरच्या कागदावरचं लिखाण खालच्या कोऱ्या कागदावर दबून उमटतं. ते वाचायला पेन्सिल घासू नका. प्रयोगशाळेत विजेचा भार आणि बारीक पूड वापरून तेच ठसे कागद न बिघडवता उठवतात.

• डाग मोडण्याआधी त्याचं वजन आणि कॅरेट लिहून घ्या. भारतीय मानक ब्यूरोच्या मान्यताप्राप्त हॉलमार्किंग केंद्रात आपला दागिना आपल्याला तपासून घेता येतो. आकडा हातात आला की घरी या, विचार करा, आणि मगच आटवायला ‘हो’ म्हणा.

सराफ घाई करील, घरचेही करतील. त्यांना म्हणावं, ‘आधी बघू तर दे!’