आजीचा शाम्पू, आपल्या बाथरूममध्ये!

कॉलेज रोडच्या कट्ट्यावर गप्पा कुठूनही सुरू होऊ देत, शेवटी गाडी केसांवर येतेच. शाम्पू बदलून कंटाळलात? मग एकदा आजीची रेसिपी करून बघाच. रविवार कारंजा, मेन रोड भागातल्या काष्ठौषधींच्या दुकानांत सगळं साहित्य मिळेल.

आठ-दहा रिठे फोडून बिया काढून टाका. त्यात सहा-सात शिकेकाईच्या शेंगा आणि मूठभर आवळकाठी घालून अर्धा-पाऊण लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी मंद आचेवर वीस मिनिटं उकळा, गार झालं की कुस्करून सुती कापडातून गाळा. झाला शाम्पू! भांडं मात्र स्टीलचं घ्या. लोखंडी कढईत आवळ्यामुळे पाणी काळंकुट्ट होतं.

रिठा-शिकेकाईतल्या सॅपोनिनमुळे तेल-मळ निघतो. विकतच्यासारखा भरपूर फेस येणार नाही, पण म्हणून केस अस्वच्छ राहिले असं नाही. धुताना डोळे घट्ट मिटा, रिठा भयंकर झोंबतो! आणि एकदम बाटली भरून ठेवू नका. यात प्रिझर्व्हेटिव्ह नाही, त्यामुळे फ्रीजमध्ये चार-पाच दिवस, बस्स. आंबूस वास आला की टाकून द्या.

आता खरं सांगायचं तर, यानं केसगळती थांबत नाही. शाम्पूचं काम केस धुणं, मग तो घरचा असो की दुकानातला. कंगव्यात रोज पुंजके येत असतील, तर रिठे नंतर. आधी डॉक्टर गाठा, हिमोग्लोबिन तपासा.