भाकरी गेली, थंडी आली

वारूळवाडीत थंडी मोजायला हवामान खाते लागत नाही. डिसेंबरात मीना नदीच्या काठी धुके उतरते, द्राक्षबागाईतदार बागेत शेकोट्या पेटवतात, आणि रात्रपाळीची वीज आली की शेतकरी कानटोपी ओढून दारे धरायला निघतो. ही थंडी आमच्या ओळखीची. बाजरीची भाकरी, तीळ आणि गूळ हा तिच्यावरचा उताराही पिढ्यान्पिढ्यांचा. अलीकडे मात्र गावात एक वेगळीच थंडी आली आहे, आणि ती स्वेटरला दाद देत नाही. साखर वाढली, पोट सुटले म्हणून ज्यांनी भाकरी, पोळी आणि भात वर्ज्य केला, त्यांना ती वाजते.

मीही त्यांतलाच. साखर सीमारेषेवर आल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने मी पिष्टमय पदार्थ कमी केले. वजन उतरले, साखरही उतरली. पण दुपारच्या उन्हातही बोटे गार पडू लागली. सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, अंगात ऊब यायला पोटात काही नको का?"

पथ्य काही आजचे नाही. लंडनमध्ये अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्या विल्यम बँटिंग या गृहस्थांनी पाव, साखर, बटाटा सोडून वजन उतरवले आणि १८६३ साली त्यावर पुस्तिका लिहिली. १९७२ साली अमेरिकेत डॉ. ॲटकिन्स यांच्या पुस्तकाने तोच विचार घरोघरी नेला. मग थंडी कशाने वाजते?

डॉक्टरांनी मला जे समजावले ते बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला लगेच पटले. आवक घटली की शरीर आधी खर्च आवरते. त्वचेकडे जाणारे रक्त कमी करून आतली ऊब राखते, म्हणून हातपाय गार. थायरॉइडचे टी-३ हे संप्रेरक उपासात आणि पिष्टमय आहार तोडल्यावर घटते, हे १९७०च्या दशकापासून अभ्यासांत दिसत आले आहे. शिवाय यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या ग्लायकोजेनच्या दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी असते. हा साठा संपला की पाणी जाते, त्याबरोबर मीठही जाते. रक्तदाब थोडा उतरतो, उठताना गरगरते.

तरीही सारा दोष भाकरीच्या अभावावर टाकणे बरोबर नाही. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली ॲन्सेल कीज यांनी छत्तीस तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवले. महायुद्धाने उपाशी पडलेल्या युरोपला पुन्हा कसे जेवू घालावे, हे त्यांना शोधायचे होते. त्या तरुणांना ऐन उन्हाळ्यात थंडी वाजे. आणि त्यांच्या ताटात काय होते? मुख्यतः पाव, बटाटे, मॅकरोनी! म्हणजे पिष्ट भरपूर, पण एकूण अन्न अपुरे.

आपल्याकडची अडचण नेमकी इथे आहे. दिवसाच्या चार भाकऱ्यांना दोनशे ग्रॅम पीठ धरले, तर त्या सोडताच सुमारे सातशे कॅलरी गेल्या. मांसाहारी माणूस त्या जागी अंडी, मासळी घेतो. शाकाहारी घरात मात्र भाकरी जाते आणि तीच वाटीभर आमटी, तीच चमचाभर भाजी उरते. पनीर, दाणे, उसळ, दही वाढवायचे असते हे सांगायचे राहून जाते. अशा माणसाचा आहार 'कमी पिष्टाचा' नसतो, तो चक्क कमी असतो. हेमंतात अग्नी प्रबळ होतो आणि त्याला इंधन मिळाले नाही तर तो शरीरातला रसच जाळतो, असे चरकसंहितेत सांगितले आहे. आपली भोगीची तीळ लावलेली भाकरी त्याच ऋतूत येते.

असो. थंडी वाजली म्हणून पथ्य मोडावे, असे माझे म्हणणे नाही. अनेकांना त्याचा गुण येतो. पण थंडी टिकून राहिली तर रक्तातले हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्यावे. आहारावर सगळे ढकलून खरा आजार झाकला जाऊ नये.

आणि एक गोष्ट मात्र जिवावरची आहे. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता भाकरी सोडली, तर साखर एकाएकी खाली येऊ शकते. तेव्हाही अंग थरथरते आणि रात्री शेतात उभ्या माणसाला वाटते, गारठा आहे. पण गारठ्याने घाम येत नाही. थरथर आणि घाम एकत्र आले, छाती धडधडली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ते थंडीचे लक्षण नव्हे. त्या क्षणी साखर पोटात जायला हवी. आमच्याकडे रात्री दारे धरायला जाणारा बिबट्याच्या भीतीने काठी आणि बॅटरी घेतो. मधुमेह्याने त्यांच्याबरोबर खिशात गुळाचा खडाही ठेवावा.