तुळईच्या पोटातली रेघ

लाकडी फूटपट्टी टेबलाच्या कडेबाहेर अर्धी काढा आणि टोकावर बोटाने दाब द्या. सपाट ठेवलेली पट्टी सहज लवते. तीच कडेवर उभी करून तेवढाच दाब द्या, लवल्याचं डोळ्यांना जाणवतही नाही. लाकूड तेच, वजन तेच. पट्टी 3 सेंटिमीटर रुंद आणि 3 मिलिमीटर जाड असेल, तर उभ्या पट्टीचा लवण्याला होणारा विरोध सपाट पट्टीच्या शंभर पट असतो. नुसती कूस बदलल्याने शंभर पट! हे गणित पुन्हा पुन्हा केलं तरी माझं नवल ओसरत नाही.

भाराखाली लवणाऱ्या तुळईचा वरचा भाग दाबला जातो, खालचा ताणला जातो. मग मध्ये कुठेतरी असा थर हवाच, जो दाबलाही जात नाही आणि ताणलाही जात नाही. तुळई आडवी कापून पाहिली तर छेदात हा थर म्हणजे एक रेघ: उदासीन अक्ष. भार वरून खाली येतो, पण रेघ आडवी असते, आणि तुळई लवते ती या रेघेभोवती. शिकणाऱ्यांचा गोंधळ हमखास इथे होतो. अक्ष आडवा असला, तरी अंतरं मोजायची त्याच्यापासून वर आणि खाली.

आता खरी गंमत. रेघेपासून दुप्पट दूर असलेला तंतू दुप्पट ताणला जातो, म्हणून दुप्पट जोर लावतो. शिवाय त्या जोराला तरफेची भुजाही दुप्पट मिळते. परिणाम चौपट. छेदाचा प्रत्येक कण त्याच्या अंतराच्या वर्गाने गुणून सगळ्यांची बेरीज केली, की जडत्व आघूर्ण मिळतं. आयतासाठी ते रुंदी गुणिले उंचीचा घन भागिले 12. उंची दुप्पट केली की आठपट! लोखंडी गर्डरचं बहुतेक पोलाद वरच्या-खालच्या पट्ट्यांत असतं ते यासाठीच.

गॅलिलिओने 1638च्या ग्रंथात भिंतीत रोवलेली तुळई तिच्या खालच्या कडेवर वळते असं धरलं आणि सगळ्या तंतूंवर सारखाच ताण मानला. त्यामुळे तुळई मोडायला लागणाऱ्या भाराचं उत्तर खऱ्याच्या तिप्पट आलं. तरीही बळकटी उंचीच्या वर्गाप्रमाणे वाढते, हे त्याने अचूक ओळखलं होतं. ती रेघ योग्य जागी यायला पारां, कूलाँ आणि नाव्हिए या फ्रेंच अभ्यासकांपर्यंत, म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षं लागली.

गोल ओंडक्यातून सर्वांत बळकट तुळई कशी कापावी, हे पारांने सोडवलं. व्यासाचे तीन सारखे भाग करा. एका खुणेवरून वर, दुसरीवरून खाली परिघापर्यंत लंब काढा आणि ते दोन बिंदू व्यासाच्या टोकांना जोडा. मिळणाऱ्या आयताची उंची रुंदीच्या सुमारे 1.41 पट असते. पण कमीत कमी लवणारी तुळई वेगळी: तिच्यासाठी व्यासाचे चार भाग करून टोकांजवळच्या खुणांवरून लंब काढायचे. उंची मग रुंदीच्या 1.73 पट होते.